अकरा जणांचं पाचांत : 'मॅटाचिन'वर घालवलेला पावसाळा

मे अखेर

ठरलं एकदाचं. दोन वर्षं नुसतं कानाला लावून फिरत होतो, आता बेलोहेडच्या दुसऱ्या अल्बममधलं एक तरी गाणं आपल्या पाच जणांत बसवायचं. पेटी (मी), व्हायोलिन, क्लॅरिनेट, युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी वाद्य) आणि संबळ.

हा बँड ज्यांच्या कानावर आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधली अकरा माणसं, २०१६ पर्यंत नियमित वाजवणारी. जॉन स्पायर्स मेलोडियन (बटणांचा छोटा अकॉर्डियन) वाजवायचा, जॉन बोडन गायचा आणि फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा. हे दोघं आधी जोडीनंच कार्यक्रम करायचे, २००४ मध्ये त्यांनी हा एवढा मोठा संसार थाटला. लोकगीतं जुनीच, पण सोबतीला ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, चेलो, ओबो. बास गिटार नाही, खालचे सूर ट्यूबाच्या जातीचं मोठं पितळी वाद्य सांभाळायचं. तालवाद्यं वाजवणारा पीट फ्लड तर फ्राइंग पॅन आणि काटे-चमचेही वाजवायचा. पहिला अल्बम २००६ चा, आणि दुसरा, म्हणजे आपला 'मॅटाचिन', २००८ चा. मॅटाचिन हे चित्रविचित्र कपडे घालून करायच्या एका जुन्या तलवारनृत्याचं नाव.

पहिला अल्बम मला थोडा हावरट वाटतो, सगळं एकदम ताटात. दुसऱ्यात त्यांना कुणी कधी थांबायचं ते कळलंय. हे माझं मत. पहिल्याचे भक्त रागावतील, रागावू देत.

जून, पहिला पंधरवडा

गाणं निवडलं : 'कॉलरा कॅम्प'. त्याच अल्बममधलं, व्हिस्कीवरचं, शीड चढवताना दोर ओढायचं खलाशांचं गाणं बसवायला सोपं गेलं असतं, ग्रुपमध्ये सगळ्यांचं मतही तेच होतं. पण 'कॉलरा कॅम्प' माझ्या मानेवर बसलंय त्याला कारण आहे.

शब्द किपलिंगचे, १८९६ च्या संग्रहातले. किपलिंग म्हणजे १८६५ साली मुंबईत जन्मलेला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगचा मुलगा. हिंदुस्थानातल्या एका गोऱ्या पलटणीत पटकी शिरली आहे आणि एक साधा शिपाई ते सांगतोय. पलटण पायी इकडे हलवली, रेल्वेनं तिकडे हलवली, पण साथ काही पाठ सोडत नाही. रोज आजाऱ्यांच्या यादीत नवे दहा. आणि अशात त्यांचा पाद्री मरतुकड्या खेचरावर बसून बँजो वाजवत त्यांना हसवत हिंडतो. हा पाद्री मला विसरता येत नाही.

आमच्या संबळवाल्याला मी हे मराठीत सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे उलटा मरीआईचा गाडा!" मी बघतच राहिलो. आपल्याकडे गावात पटकी आली की मरीआईला गाड्यावर बसवून शिवेपार नेऊन सोडायचे, पुढचं गाव तिला त्याच्या पुढच्या शिवेवर. इथं रोग जागेवर आणि पलटणच गाड्यावर. त्या दिवसापासून संबळ या गाण्यात राहणार की नाही हा वादच संपला.

चाल पीटर बेलॅमीची. हा १९९१ साली गेला, पण त्याआधी त्यानं किपलिंगच्या कितीतरी कवितांना लोकगीतासारख्या चाली लावून ठेवल्या. तो अँग्लो कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची भात्याची छोटी पेटी) वाजवायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जून अखेर

ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं सत्तर टक्के वेगावर आणून वहीत उतरवायला सुरुवात केली. मूळ चाल दोन रात्रींत झाली. पितळी वाद्यांचे सूर मात्र एकमेकांत इतके गुंतलेले की ट्रॉम्बोन कुठला आणि सॅक्सोफोन कुठला हे ओळखता ओळखता पहाटेचे तीन. शेवटी ज्या सुरांबद्दल खात्री नव्हती तिथं पेन्सिलनं टिंब दिलं आणि पुढे गेलो. पाच जणांना अकरांचे सगळे सूर लागणारही नाहीत.

जुलै : पेटीचं रडगाणं

यावर सविस्तर लिहितो, कारण पेटीवाले बरेच आहात.

चाल बरोबर, लय बरोबर, पण माझी पेटी भजनात वाजतेय असंच वाटत होतं. सूर एकाला एक चिकटलेले. मूळ वाजवण्यात जी एक उसळी आहे ती येईचना. तीन आठवडे बोटांना दोष दिला, मग मेलोडियनची रचना कागदावर मांडली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मेलोडियनला एकाच बटणातून दोन सूर येतात, भाता दाबला की एक, ओढला की दुसरा. डी-जी मेलोडियनला बटणांच्या दोन रांगा, एक डी पट्टीची आणि एक जीची; त्यातल्या डीच्या रांगेत सप्तक असं येतं : सा दाबून, रे ओढून, ग दाबून, म ओढून, प दाबून, ध ओढून, नीसुद्धा ओढूनच, आणि वरचा सा दाबून. म्हणजे जवळजवळ प्रत्येक सुराला भाता उलटतो आणि दर वेळी हवेत एक बारीकशी खाच पडते. बेलॅमीच्या अँग्लो कॉन्सर्टिनाचीही जात हीच. उसळी येते ती त्या खाचेतून, बोटांतून नाही.

आपल्या पेटीत नेमकं उलटं. बाहेरचा भाता आतल्या भात्यात हवा भरतो, आतला ती स्प्रिंगच्या दाबानं सारख्या धारेनं सोडतो. गायकाच्या साथीला हे वरदान, इथं अडचण. बाहेर कितीही झटके द्या, आतला भाता ते गिळून टाकतो.

उपाय असा सापडला : आतला भाता भरूच द्यायचा नाही. डाव्या हातानं तोकडे तोकडे झटके, प्रत्येक झटका सुराच्या सुरुवातीला, आणि झटक्याच्या शेवटी हवा जवळजवळ संपलेली. वहीत प्रत्येक सुराखाली बाण काढले, आत की बाहेर. ध आणि नी दोन्ही ओढूनच आहेत, म्हणून तिथं झटका द्यायचा नाही, ते दोन जोडूनच जाऊ द्यायचे. हे एवढं पाळलं आणि चाल एकदम चालायला लागली. डावं मनगट मात्र संध्याकाळपर्यंत कामातून गेलेलं असायचं. घरात "पेटीला धाप लागलीय का?" अशी चौकशी झाली ती वेगळीच.

ऑगस्ट : फजिती

क्लॅरिनेटवाले काका म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य काढलेला माणूस. त्यांना मी मोठ्या हौसेनं स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) छापील कागद दिला. पहिल्या तालमीला सगळ्यांनी एकदम सुरू केलं आणि असा काही आवाज निघाला की खालच्या दुकानदारानं वर येऊन बघितलं.

क्लॅरिनेट बी फ्लॅटचं. कागदावर पांढरी एक लिहिली तर त्यातून निघते काळी पाच. म्हणजे पेटीपेक्षा एक पूर्ण सूर वर लिहून द्यायला हवं होतं आणि मी पेटीचंच तसंच्या तसं छापलेलं. काका काही बोलले नाहीत. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तू वाजव रे एकदा." दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा बरोबर वाजवलं. मी घरी जाऊन सगळा कागद पुन्हा छापला. तो अजून त्यांनी उघडलेला नाही.

ओबोच्या जागी सनई घ्यावी असा एक विचार होता, दोन्हींची पत्ती दुहेरीच. पण आमच्या पट्टीत बसणारी सनई मिळेना, म्हणून ते काम व्हायोलिनकडे. त्या बँडचे ओबोवाले पॉल सार्टिन २०२२ साली गेले.

सप्टेंबर

पाचही जण पूर्ण वेळ वाजवत होतो म्हणून सगळा चिखल होत होता. मग मी कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं 'गप्प' असे चौकोन काढले. आधी कुणालाच आवडलं नाही, युफोनियमवाल्याला तर अजिबात नाही. पण दुसऱ्या कडव्याला फक्त संबळ आणि गाणारा एवढंच ठेवलं, युफोनियम थेट तिसऱ्याच्या पहिल्या मात्रेवर आणलं, तेव्हा तो आवाज जमिनीतून आल्यासारखा आला. आता तोच स्वतःहून म्हणतो, अजून दोन मात्रा थांबू का?

आजची स्थिती : तीन कडवी बसली आहेत. चौथ्यात वेग वाढतो तिथं माझा भाता मागे पडतो, त्यामुळे तिथं पेटी काढून व्हायोलिनला द्यायची की काय यावर घोळ सुरू आहे. पाद्र्याच्या बँजोला काय घ्यायचं हेही राहिलंय. तुणतुणं आणून बघितलं. संबळवाला खूश, काका गप्प. रविवारी पुन्हा तालीम.