सात सेकंदांत फाइल गेली

सकाळी पावणेबाराला लेखा विभागातल्या मॅडमचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला वाटलं घरून काही वाईट बातमी आली असावी. "अहो, आपली फाइल दुसऱ्याच कोणीतरी उतरवून घेतली!"

फाइल म्हणजे वर्षभराची पगारपत्रकं. सगळ्यांचे पत्ते, बँक खाती, त्यात माझंही. बाहेरच्या ऑडिटरला पाठवायची होती आणि 60 एमबीची फाइल मेलला जोडून जात नाही. जीमेलचंच घ्या, 25 एमबीला हात वर करतं, शिवाय मेलमध्ये शिरताना फाइल तिसऱ्या हिश्श्याने फुगते. म्हणून आमच्या सर्व्हरवरचं फाइल पाठवायचं वेब ॲप वापरा, असं मीच सगळ्यांच्या मागे लागलो होतो. मॅडमनी "एकदाच डाउनलोड" वर खूण केली होती, पासवर्ड मात्र ठेवला नव्हता. "एकदाच उघडणार म्हटल्यावर पासवर्ड कशाला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

ऑडिटरने लिंक उघडली तर समोर पाटी: ही लिंक वापरली गेली आहे.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, काढला. मेल सुटला 11:31:08 ला. फाइल उतरली 11:31:15 ला, पूर्णच्या पूर्ण. ऑडिटरचं क्लिक त्यानंतर नऊ मिनिटांनी. उतरवणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा ठिकाणा, ऑडिटरच्या ऑफिसचा नव्हता. तेवढ्यात साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "लीक झालीय की नाही, एवढंच सांग." एवढंच तर सांगता येत नव्हतं.

मला खटकले ते सात सेकंद. चोरसुद्धा इतका टपून बसलेला नसतो. डाउनलोडच्या वरची ओळ पाहिली, तर त्याच पत्त्यावरून क्षणभर आधी एक 'हेड' विनंती आली होती. म्हणजे फाइल नको, ती केवढी आहे आणि कसली आहे तेवढं सांगा. लिंकवर क्लिक करणाऱ्या माणसाचा ब्राउझर अशी चौकशी करत बसत नाही. आयपीचा मालक शोधला, तो मेल तपासणारी एक सेवा निघाली. ऑडिटरकडच्या आयटीवाल्याने फोनवर लगेच कबूल केलं: आत येणाऱ्या मेलमधल्या लिंका त्यांचा फिल्टर आधी स्वतः उघडून बघतो.

त्यात त्याची चूक नाही. अशा लिंकांतून व्हायरस येतात. मोझिलाची 'फायरफॉक्स सेंड' ही सेवा 2020 मध्ये बंद पडली त्यामागेही हेच मोठं कारण होतं. चूक आमच्या ॲपची. लिंक उघडली की जाते त्या 'गेट' विनंतीने नुसतं बघावं, काही बदलू नये, हा वेबचा जुना दंडक. आमचं ॲप लिंक उघडल्याबरोबर फाइल ओतायचं आणि मोजणी संपवायचं. उघडणारं माणूस आहे की यंत्र, याची त्याला फिकीर नव्हती.

साहेबांना सांगितलं, "चोरी नाही. पण आपली पगारपत्रकं एका तिऱ्हाइताच्या मशीनवर जाऊन आली, हे खरं." त्यांना दुसरं वाक्य अहवालात नको होतं. मी ठेवलं. फाइल पाठवण्याआधीच ब्राउझरमध्ये कुलूपबंद झाली असती आणि किल्ली लिंकमध्ये # च्या पुढे असती, तर ब्राउझर तो भाग सर्व्हरला पाठवतच नाही; नुसती लिंक ओढणाऱ्या फिल्टरच्या हाती निव्वळ कचरा लागला असता. आमच्या ॲपमध्ये ती सोय नव्हती.

दुपारी नवी लिंक केली. एकदाच डाउनलोड, मुदत चोवीस तास, पासवर्ड सक्तीचा, आणि तो मेलने नाही, फोनवर सांगायचा. मॅडम सांगायला बसल्या.

"के."
"मोठा की छोटा?"
"मोठा. मग शून्य."
"शून्य की ओ?"
"शून्य हो, आकडा!"

तिसऱ्या खेपेला जमलं. लॉगमध्ये 4:52 ला एकच नोंद पडली, ऑडिटरच्या ऑफिसमधून. मी उतरलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, त्यांच्याकडून मागवला आणि चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं ताडून पाहिली. जुळली.

पाच वाजता ऑडिटरचं उत्तर आलं. फाइल मिळाली, आभार. खाली आणखी एक ओळ: "नोंदीसाठी पासवर्ड पुढे देत आहे." सीसीमध्ये सात जण. लिंक तोवर मेली होती म्हणून बरं. मॅडमनी मेल वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फोन उचलला.