नाकाजवळची फट

रविवार, रात्री साडेनऊ

आंधळ्या कोशिंबिरीच्या पट्ट्या धुऊन दोरीवर टाकल्या. सहातली एक टेरिकॉटची निघाली, ती आता पुसायला. टेरिकॉट केसांवरून घसरतं. जुन्या सुती ओढणीचा गडद चौकोनी तुकडा तिरका दुमडून चार बोटं रुंद घडी केली की काम होतं. फिक्या कापडातून उन्हात सावल्या कळतात, आणि सावली कळली की आंधळी कोशिंबीर संपलीच.

खरी चोरी मात्र नाकाशी होते. कापड कपाळावर नि गालांवर बसतं, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिच्यातून स्वतःची पावलं दिसतात. पावलांपुढचा हातभर तुकडा दिसला तरी आंधळ्याला बास. "ही किती बोटं?" हे विचारणं निरर्थक, ज्याला दिसतंय तो हमखास चुकीचा आकडा सांगतो. बघायची ती हनुवटी. फटीतून बघणारा मान मागे टाकतो, हनुवटी वर जाते. न दिसणारा बहुतेक कान देऊन उभा असतो. उपाय सोपा आहे: कापसाच्या दोन छोट्या घड्या नाकाच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या, वरून पट्टी. गाठ डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली मारायची, नाहीतर पट्टी वर सरकते. आतल्या आत पापण्या उघडझाप करता आल्या पाहिजेत, इतपतच आवळायचं. चष्मा आधी काढून ठेवायचा.

गोलबॉलमध्ये हीच फट नियमाने बुजवली आहे. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली निघालेला हा खेळ १९७६च्या टोरांटो पॅरालिम्पिकपासून पदकासाठी खेळला जातो. मैदानात प्रत्येक संघाचे तीन भिडू. कुणाला थोडं दिसतं, कुणाला अजिबात नाही, म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर आधी चिकटपट्ट्या आणि त्यावर काळा चष्मा. खेळ चालू असताना परवानगीवाचून त्या चष्म्याला हात लावला तर पेनल्टी. आपल्या अंगणातही हा नियम लावावा. पट्टी "नीट करण्याच्या" निमित्तानेच निम्मा रडीचा डाव होतो.

तिथली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी. मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, आणि रेषा पायाला कळाव्यात म्हणून टेपखाली बारीक दोरी. खडूची रेघ डोळे बांधलेल्याला काय कामाची! आपल्याकडे सुतळी जमिनीला ताणून वरून रुंद चिकटपट्टी मारायची. आठ-दहा मुलांना सहा बाय सहा मीटर जागा पुरते. त्याहून मोठी केली तर राज्य असलेला रडकुंडीला येतो. पाच वर्षांखालचे सगळे लिंबू-टिंबू, त्यांच्यावर राज्य नाही.

आवाजाचं शास्त्र मुलांना आपोआप कळतं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन कानांत तो किती मागेपुढे पोचला यावरून समजतं. पुढचा की मागचा, हे मात्र डोकं वळवल्याशिवाय नीट कळत नाही. एकच तुटक टाळी वाजली तर डोकं वळवायच्या आत ती संपलेली असते. म्हणून हुशार भिडू एक टाळी देतो आणि दोन पावलं सरकतो. चौघांनी एकदम गलका केला की खेळ नुसता धिंगाणा होतो. फरशीच्या हॉलमध्ये आवाज भिंतींवरून परत येतो. मातीवर किंवा गवतावर खेळावं. आणि मंडळाचा स्पीकर बंद! गोलबॉलच्या चेंडूत घुंगरं असतात, ती ऐकू यावीत म्हणून प्रेक्षकही गप्प बसतात.

फिरवायचं तीनदाच. फिरवणं थांबलं तरी कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतलं पाणी काही वेळ हलत राहतं, म्हणून आपण उलट्या दिशेने फिरतोय असं वाटतं. दहा गिरक्या दिल्या की मूल सरळ आपटतं.

डोळे बांधून मडकं फोडायच्या खेळात तर एकही गिरकी नको, कारण हातात काठी असते. मडकं आधी नीट पाहिलेलं असेल तर दहा-बारा पावलांचं अंतर बऱ्यापैकी बरोबर येतं. चुकते ती दिशा. एक पाय आखूड म्हणून माणूस एका बाजूला जातो, असं म्हणतात. पण ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी डोळे बांधून चालवलेली माणसं कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळली. काहींनी तर जेमतेम २० मीटर व्यासाचे गोल घातले. सारं २००९ साली छापून आलंय. तेव्हा बघे मडक्याच्या मागे नकोत आणि बाजूलाही नकोत. चहूबाजूंनी पाच मीटर जागा मोकळी. काठी मीटरभराची, वार वरून खाली, आडवा फिरवला की बाद. मडकं गोणपाटावर ठेवायचं, म्हणजे खापऱ्या गोळा करायला सोपं. अनवाणी कुणी नको.

एका डोक्याची पट्टी दुसऱ्याला बांधायची नाही, पावसाळ्यात तर नाहीच. डोळे आलेल्या भिडूने पंच व्हावं, तेही लांबून.