सर्व्हिस रोडवरची सायकल

माझी सायकल हर्क्युलिसची. पुढची टोपली नंतर बसवून घेतली, डबा आणि रेनकोट ठेवायला. ठाण्यातल्या मानपाड्याहून वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रेसपर्यंत चाळीस मिनिटं. बाइंडिंग खात्यात बावीस वर्षं झाली, त्यातली चौदा सायकलवर. हौस म्हणून नाही. गुडघे चालते ठेवा असं डॉक्टर म्हणाले आणि स्कूटर मुलगा घेऊन जातो.

घोडबंदर रोड सायकलवाल्याचा कधीच नव्हता. आमचा होता तो सर्व्हिस रोड. तिथे रिक्षा उलट्या यायच्या, शाळेच्या बस ठाण मांडून बसायच्या, कोपऱ्यावर भाजीवाल्याची ताडपत्री. पण वेग नव्हता. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर दुभाजकापलीकडे राहायचे, आणि माझं मागणं तेवढंच होतं. सायकल ट्रॅक म्हणून त्याला कुणी हिरवा रंग लावला नव्हता, तरी ठाण्यात माझ्यासारख्यांचा ट्रॅक तोच.

मग सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचं काम एमएमआरडीएने, म्हणजे राज्याच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, हाती घेतलं. अनेक सोसायट्यांनी विरोध केला. मेट्रोच्या कामाने रस्ता आधीच आवळलेला, त्यामुळे लेन वाढवायची गरज मला कळते. संध्याकाळी मानपाड्याच्या सिग्नलला वीस मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला सायकलचं पुराण सांगू नये. मला खटकलं ते वेगळंच. विचारायचं कुणाला?

घोडबंदर रोड हा राज्याचा महामार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा. मेट्रो आणि हे विलीनीकरण एमएमआरडीएचं. आतला डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, महापालिकेचा. सिग्नलवरचा हवालदार गृह खात्याचा. गेल्या वर्षी अर्ज घेऊन मी तीन खिडक्या फिरलो. तिन्हीकडे माणसं सौजन्याने वागली आणि तिन्हीकडून मला शेजारच्याचा पत्ता मिळाला.

त्याच सुमारास कॅनडात टोरांटोतल्या भाच्याचा रविवारचा फोन आला. तो ब्लूर स्ट्रीटवरून सायकलने कामावर जातो. म्हणाला, "मामा, आमची लेन मुख्यमंत्री उखडणार आहेत."

"शहरातल्या पट्ट्याशी मुख्यमंत्र्याचा काय संबंध?"

"तोच तर प्रश्न आहे!"

टोरांटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात येतं, तिथले प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीच, डग फोर्ड यांच्या सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा केला. मोटारींची लेन घटणार असेल तर सायकल लेनसाठी शहराने प्रांताची परवानगी घ्यायची. शिवाय ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरच्या लेन प्रांत काढणार. जुलै 2025 मध्ये कोर्टाने लेन काढणं घटनाबाह्य ठरवलं आणि सरकार अपिलात गेलं. गंमत अशी की, शहराचा रस्ता शहराचा, असं काही कोर्ट म्हणालं नाही. म्हणालं ते एवढंच की लेन काढल्याने सायकलवाल्यांच्या जिवाला धोका वाढेल आणि कोंडीही फुटणार नाही. तिथेही नगरपालिका हे प्रांताचंच लेकरू, आपल्यासारखं.

आपल्याकडे 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या अठरा कामांत 'रस्ते आणि पूल' स्पष्ट लिहिलंय. पण मूळ कलमात राज्य हे अधिकार 'देऊ शकेल' असं आहे, 'देईल' असं नाही. बावीस वर्षं पुस्तकांची पानं जुळवून मला एक सवय लागलीय, क्रियापद आधी बघायचं.

आणि ठाण्याची गंमत आणखी निराळी. वरचं सरकार आमच्याकडे वर कुठे असतं? 2022 ते 2024 मुख्यमंत्री ठाण्याचेच होते. उलट खालचं सरकार मात्र नव्हतं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकाकडे, म्हणजे राज्याने नेमलेल्या आयुक्तांकडे. त्या पावणेचार वर्षांत 'स्थानिकांनी ठरवावं' याचा अर्थ काय लावायचा होता, ते मला आजही कुणी समजावून सांगावं.

भाचा म्हणतो, सगळं शहराच्या हातात द्या. मी तेवढा भाबडा नाही. त्याच्याच टोरांटोत जार्विस स्ट्रीटच्या सायकल लेन 2012 मध्ये काढल्या त्या शहरानेच, आपल्या कौन्सिलमध्ये मतदान घेऊन. तेव्हा महापौर होते रॉब फोर्ड, डग फोर्ड यांचे सख्खे भाऊ. इकडे मुंबईत बीकेसीतला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातला, सायकल ट्रॅक एमएमआरडीएने बांधला आणि पुढे काढायचं ठरवलं तेही एमएमआरडीएनेच. नगरसेवकाला पार्किंग हवं असलेले मतदार रोज भेटतात, सायकलवाले कधीतरी. दूध टाकणारा पोरगा आणि वॉचमन निवेदनं देत फिरत नाहीत.

माझं मत विचाराल तर वरच्याने किमान किती ते सांगावं, म्हणजे मोठ्या रस्त्याच्या कडेला चालणाऱ्याला आणि सायकलला इतकी रुंदी सोडलीच पाहिजे, असं. त्याहून जास्त द्यायचं की नाही, कुठल्या बाजूने, कुठल्या शाळेसमोर, हे खालच्याने ठरवावं. वरच्याने कमाल ठरवायला येऊ नये, ऑन्टारिओत झालं ते नेमकं हेच. मानपाड्याच्या नाल्याशी पावसात पाणी कुठवर चढतं ते मंत्रालयात बसून दिसणार नाही.

निवडणूक झाली. आमच्या प्रभागात नगरसेवक चार, त्यामुळे कुणाला गाठायचं हा पहिला प्रश्न. त्यातल्या एकांची लेटरहेडं आमच्याच प्रेसमध्ये छापली होती, म्हणून त्यांच्याकडे गेलो. विलीनीकरणात कडेला दीड मीटर सोडा आणि पांढरा पट्टा मारा, एवढंच माझं म्हणणं. ते म्हणाले, "काका, हे आपल्या हातात नाही, वरचं आहे. पण पत्र देतो की."

मुलाने मजकूर टाइप केला. त्यांनी सही केली, शिक्का मारला. मग पत्र कुणाच्या नावे, यावर आम्ही दोघं बराच वेळ अडलो. कार्यकारी अभियंता म्हणावं, तर कुठल्या खात्याचा? आयुक्त म्हणावं, तर पालिकेचे की महानगराचे? बाहेर लोक थांबले होते. शेवटी त्यांनी 'प्रति' लिहून पुढची ओळ कोरी ठेवली आणि कागद माझ्या हातात दिला. "तुम्ही चौकशी करून भरा," म्हणाले.

टोपलीत डब्याखाली ठेवलाय, प्लास्टिकच्या पिशवीत.