तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंडच्या बंद लोहारसाळा कशाला बघायच्या?

आयर्लंडमध्ये किल्ले, मठ, समुद्रकडे सोडून तुम्ही बंद पडलेल्या लोहारसाळा कसल्या शोधता, हे मला नेहमी विचारतात. तिथल्या शाळकरी मुलांच्या जुन्या वह्या वाचल्यापासून मला लोहारसाळ ओलांडून पुढे जाववत नाही.

१९३७ ते १९३९ या काळात तिथल्या २६ काउंट्यांमधल्या (म्हणजे जिल्ह्यांमधल्या) सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना म्हाताऱ्या माणसांना विचारून गावची माहिती वह्यांत लिहायला सांगितलं होतं. त्यात लोहारसाळ हा वेगळा विषय होता. ऐरण, भाता, नांगर, कुळव, सगळं त्यांत आहे. लोखंड विझवलेल्या पाण्याने चामखीळ जाते, लोहाराचा शाप बाधतो, हेही आहे. काही ठिकाणी गाय कापली की डोकं लोहाराचं. आपल्या बलुत्याची आठवण यावी असाच हा हक्क!

मला सगळ्यात आवडतं ते गाडीच्या लाकडी चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवणं. आधी एक लहान फिरतं चाक मोठ्या चाकाच्या कडेवरून फिरवून फेरे मोजायचे आणि तेच माप लोखंडी पट्टीवर घ्यायचं. धाव चाकापेक्षा किंचित लहानच ठेवायची. मग अंगणात पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीचा, गोल जाळ करून ती लाल करायची, म्हणजे लोखंड फुगतं. सांडशीत धरून ती दोघा-तिघांनी चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. धाव आवळते तशा चाकाच्या कडेच्या लाकडी पाट्यांच्या फटी मिटतात, आरे मधल्या तुंब्यात घट्ट बसतात. सैल राहिली तर वाटेत निखळते, जास्त आवळली तर चाकच वाकतं. हा अंदाज पुस्तकातून येत नाही.

१७९८ला इंग्रजी सत्तेविरुद्ध झालेल्या उठावातले भालेही अशाच ऐरणींवर घडले. म्हणून तर सरकारी फौजांनी लोहारांना फटके मारले, साळा जाळल्या.

पुढे ट्रॅक्टर आला, घोडा गेला, आणि नाल मारून घ्यायला कुणी येईना. काउंटी विकलोमधल्या एनिसकेरीला जुन्या साळेचं दगडी दार घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे. तिथे जाणार असाल तर आधी इंटरनेटवर त्या भागातल्या मुलांच्या वह्या वाचून घ्या. सगळ्यांना मोफत खुल्या आहेत.