बालाघाटात खाली उतरायचं

"डोंगर बघायचाय? मग पुण्याकडं जा." हे आम्ही सोलापूरकरांनी एकमेकांना इतक्यांदा ऐकवलंय की शुक्रवारी रात्री बॅगा भरून सह्याद्रीकडं पळणाऱ्या पोरांना शेजारचा बालाघाटचा डोंगर दिसतच नाही. याचा मला मनापासून राग येतो.

तुळजापूरपर्यंतचा रस्ता आपल्या पायांना पाठ, कोजागरीला चालतोच की. आम्ही त्याच्या पुढं, धाराशिव ओलांडून येडशीला गेलो. श्रावण होता, पण गर्दी नको म्हणून सोमवार टाळला.

इथं गाडी सपाटीवरनं, सोयाबीनच्या रानांमधनं जात असते आणि एकदम जमीन तुटते. बालाघाट म्हणजे पठाराची कड, त्यामुळं तो उतरूनच बघायचा. येडशीचं रामलिंगाचं मंदिरसुद्धा शिखरावर नाही, पायऱ्या उतरत दरीत जावं लागतं. जटायूची समाधी तिथंच. दर्शन घेतलं आणि समोरच्या सोंडेवरची मळलेली पायवाट धरली. वाट सगळी मुरमाची, मधेच शेवाळलेला कातळ, दोन्ही बाजूंनी खैर-बाभळीचे काटे.

वर पोचल्यावर वाइड लेन्स लावली तर एवढी मोठी दरी फोटोत परातीएवढी दिसायला लागली. मग झूम लावली, ओल्या दगडाची चमक मारायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर चढवला आणि डोंगराची खरी घडण उलगडली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक. टणक थराचा उभा काळा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि गवत त्या उतारावरच धरतं. काळं-हिरवं, काळं-हिरवं, थेट तळापर्यंत.

पण ऊन नव्हतं. शेळ्या घेऊन आलेले एक मामा माझ्याजवळ येऊन टेकले.

"काय काढायलाव?"

"डोंगर."

"मग थांबा की. ढगाखालून ऊन येतंय आता."

थांबलो. सोबतची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिघांत वाटली. त्यांचे वडील बार्शी लाईटनं कुर्डुवाडीला जायचे, त्या अडीच फुटी रुळांच्या गाडीच्या गोष्टी निघाल्या. कुठल्या हॉटेलात असा पाहुणचार झाला नसता. आणि ऊन खरंच आलं, तिरपं, एकेक पायरी उजळत खाली गेलं. तेवढ्यात मामांच्या शेळ्या खालच्या कड्यावर ओळीनं उभ्या राहिल्या. त्या ठिपक्यांमुळं कड्याची उंची फोटोत कळली. मामांना स्क्रीनवर दाखवलं, तर त्यांनी आधी शेळ्या मोजल्या.

उतरल्यावर मंदिराजवळ माकडांना चिप्सची पाकिटं फेकणारी मंडळी दिसली. अभयारण्य आहे हे, बाबांनो! प्लास्टिक ओढ्यात, माकडं लोकांच्या पिशव्यांवर, आणि वर हसत व्हिडिओ काढणं. हे बघून जीव जळतो.

जायचं तर दसऱ्याच्या आत जा. नंतर गवत वाळतं आणि ते हिरवे पट्टे जातात.