पाण्याची तीन भांडी

नाशिक, गुरुवार रात्र

कॉलेजात परत 'स्किल'चं वारं सुटलंय. २०२० चं शैक्षणिक धोरण आल्यापासून दर सेमिस्टरला काहीतरी निघतंच. या खेपेला 'बदलत्या काळासाठी लवचिक विचार'. दोन तास, शेवटी प्रमाणपत्र. मानसशास्त्र शिकवते म्हणून माझ्या गळ्यात.

भाषण ठोकायचं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग फळ्यावर मांडला. तीन भांडी, २१, १२७ आणि ३ मापांची; १०० मापं पाणी मोजून द्यायचं. १२७ मधून एकदा २१ काढा, मग दोनदा ३. याच रीतीनं सुटणारी आणखी काही गणितं दिली. पोरं रंगात आली. मग हळूच २३, ४९ आणि ३ ची भांडी दिली, हवीत २० मापं. झालं! जवळजवळ सगळा वर्ग ४९ मधून २३ आणि दोनदा ३ काढून मोकळा. २३ मधून नुसते ३ काढले की काम होतं, हे दोघा-तिघांनाच दिसलं. सीईटी घासून आलेल्यांचे हात सर्वांत आधी वर. (त्यांचं तरी काय चुकलं? उत्तर बरोबरच होतं.)

दिंडोरीकडची एक मुलगीही अशीच अडकली. घरची द्राक्षबाग आहे. तास सुटल्यावर जरा फणकाऱ्यानंच म्हणाली, "मॅडम, बागेत माझं असं होत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की ठरलेलं फवारणीचं वेळापत्रक गुंडाळायचं, आधी डाऊनी रोगाचं बघायचं. पप्पांच्या आधी मीच सांगते."

मला हे फार पटलं. पानामागची ओल तिला कळते, म्हणून बेत मोडायला ती कचरत नाही. फळ्यापुढे ती हुशारी उपयोगी पडली नाही. एका कामाचा सराव अगदी वेगळ्या कामात फारसा उतरत नाही, हे अभ्यासांतही वारंवार दिसलंय. मग दोन तासांत काय मुरणार? त्यापेक्षा नोट्समधली रीत चालणारच नाही, असा एखादा प्रश्न आपापल्या विषयाच्या पेपरात घालावा. पण निकाल घसरला की मीटिंग लागणार, तेव्हा हे कुणी करायचं नाही.

वर एक फॉर्म आलाय, प्रत्येकाच्या लवचिकतेला १ ते ५ गुण द्या म्हणून. तसाच पडून आहे.

लुचिन्स यांनी काहींना कागदावर 'आंधळे होऊ नका' असं लिहायला लावलं होतं, आणि त्यानं थोडाफार फरक पडला होता. उद्या कॉमर्सच्या तुकडीवर करून बघते. अर्ध्या वर्गाला मात्र काहीच सांगायचं नाही, नाहीतर कशानं काय झालं ते कळायचं नाही.