कुंभीच्या काठानं गगनबावडा

कोल्हापुरातून सायकल काढून दिवसभर कुठं जायचं म्हटलं की तीनच नावं निघतात. पन्हाळा जवळ, पण वाघबीळपासून जो चढ लागतो तो चढला की दहाच्या आत सगळं उरकतं आणि दिवस हातात उरतो. राधानगरीचा रस्ता सुरेख, त्याबद्दल वादच नाही. पण आमच्या क्लबाची डिसेंबरातली वर्षाची राइड म्हणजे गगनबावडा. जाताना सुमारे ५५ किलोमीटर, येताना तेवढेच. लहान-थोर, गिअरवाले आणि बिनगिअरचे सगळे एकत्र.

अंधारातच रंकाळ्यावर जमायचं, हवा दाबून बघायची, शाळकरी पोरांचे ब्रेक मोठ्यांनी तपासायचे. कुणीतरी ‘जोतिबाच्या नावानं’ म्हटलं की ‘चांगभलं’ घुमायचं आणि फुलेवाडीच्या दिशेनं सायकली सुटायच्या.

पहिला थांबा बालिंग्याच्या पुलावर. खाली भोगावती, तुळशी-कुंभीला पोटात घेऊन आलेली. पुढं प्रयाग चिखलीला कासारी मिळाली की हीच पंचगंगा. आमच्यातले सगळ्यांत थोरले, ज्यांना अख्खा क्लब काका म्हणतो, ते नव्या पोरांना इथं हमखास उभं करायचे. “हितनं उपसलेलं पाणी आपल्या घरात येतंय. आज ते कुठनं येतंय ते बघायचं.” मला ही राइड आवडायला लागली ती या वाक्यापासून.

कळे गावात मिसळ. स्लाइस ब्रेड आणि कट मागून घेत घेत गप्पा रंगायच्या, उन्हं वर यायची, आणि काकांनी दोनदा हाक मारल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

खरी राइड कळ्याच्या पुढं सुरू होते. रस्ता कुंभीच्या खोऱ्यातून वर वर जातो, दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येतात. ऊसतोडीचे दिवस असल्यानं समोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येत राहतात. ते दिसले की पुढच्यानं हात वर करायचा आणि सगळी रांग डावीकडे एकामागोमाग. या रस्त्याचा स्वभाव मोठा विचित्र आहे. डोळ्यांना तो सपाट दिसतो, पायांना मात्र लागत राहतो. नवखी पोरं खाली वाकून चाक बघायची, ब्रेक घासतोय का म्हणून. मग काका नदीकडे बोट दाखवायचे. पाणी आपल्या उलट चाललंय, म्हणजे आपण चढतोय. सायकलीत काही बिघाड नाही.

एका वर्षी आठवीतला एक मुलगा असळजच्या पुढं पार थकला. उतरून चालायला त्याची तयारी नव्हती, डोळे भरून आलेले. काकांची सायकल जुनी ॲटलस, बिनगिअरची. ते त्याच्या बरोबरीला आले, उजव्या हातात स्वतःचं हँडल, डावा हात त्याच्या पाठीवर. ढकलत नव्हते, नुसता ठेवलेला. “पाय थांबवू नको रं. बारीक बारीक मार.” “काका, अजून किती?” “आलंच की.” असं ‘आलंच की’ करत करत ती जोडी गगनबावड्यापर्यंत आली, आणि आम्ही पुढं गेलेले सगळे रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजवत होतो. तो मुलगा आता नोकरीला पुण्यात आहे, राइडच्या आदल्या रात्री मुक्कामाला येतो.

वर पोहोचलं की भाकरी, झुणका, खर्डा, दही. घराघरांतून आलेले डबे एकाच सतरंजीवर उघडायचे. डोक्यावर गगनगड, आणि पुढं जमीन एकदम संपते. करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाट इथूनच कोकणात उतरतात. घाटमाथ्याच्या अलीकडं पडलेला पाऊस कुंभीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडं पडलेला त्याच दिवशी अरबी समुद्राच्या वाटेला लागतो. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण सकाळपासून एका नदीच्या उलट पेडल मारत येऊन, पाय थरथरत असताना त्या काठावर उभं राहिलं की ते वेगळंच कळतं. तरण्या पोरांना करूळ घाट उतरून परत चढायची खुमखुमी येते. क्लब परवानगी देत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण मग मागच्यांनी कुणासाठी थांबायचं?

अलीकडं काही जण किती वेळात पोहोचलो ते मोबाइलवर मोजतात. मोजावं, त्यात वाईट काही नाही. पण या राइडला पहिला कोण आला हे आम्ही कधी विचारलेलं नाही, आणि विचारू नये असं मला मनापासून वाटतं.

परतीचा मुख्य कार्यक्रम गुऱ्हाळ. उतारानं सायकली अशा पळतात की तासाभरात ऊस-शिवारात येतो. चुलवाणात चिपाडं ढकलणाऱ्याचा चेहरा लालबुंद, वर मोठ्या काहिलीत रस उकळतोय, भेंडीच्या चिकट पाण्यानं वर आलेली मळी झाऱ्यानं काढून टाकतायत. गुळव्या एक थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी करून बघतो. गोळी जमली की आरडाओरडा, काहील उचलून गूळ वाफ्यात ओतायचा. त्या वेळी मध्ये उभं राहायचं नाही, एवढं आम्हाला पाठ आहे. मग हातावर गरम गूळ. दिवसभराचा शीण उतरवायला दुसरं काही लागत नाही. पूर्वी याच रस्त्याला थांबायला कितीतरी गुऱ्हाळं होती; आता आधी फोन करून चालू आहे का विचारावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

काका आता सायकल चालवत नाहीत. सकाळच्या एसटीनं गगनबावड्याला येतात, सोबत खर्ड्याचा डबा, आणि प्रत्येक जण वर आला की नाही हे मोजतात. परतताना गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिताना पुढच्या वर्षी राधानगरीला जायचं का, हा वाद दरवर्षी निघतो. लक्ष्मी तलाव, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, सगळे मुद्दे बिनतोड असतात. तरी हात वर करायला सांगितले की गगनबावडाच निवडून येतो, आणि सगळ्यांत आधी वर जातो तो काकांचा हात.